खाला आत्या कशी झाली? तुर्की भाषेच्या घरातली गोष्ट

आजचा भाग थोडा वेगळा आहे. तुर्की मालिका बघून तुर्की शिकायला घेतलेले आपल्यात बरेच जण आहेत. ॲपवर "पाणी", "पाव", "मी सफरचंद खातो" इथपर्यंत पोचल्यावर सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच असतो: या मालिकेतल्या बायका एकमेकींना जे काय काय म्हणतात ते नक्की काय आहे? आब्ला कोण, येंगे कोण, आणि एल्ती म्हटलं की सगळ्यांचे चेहरे असे का होतात?

तर आज आपण थोडे उच्चार आणि घरातली नाती शिकू. पण हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, त्यामुळे नुसती शब्दांची यादी देणार नाही. तुर्की शिकणारा माणूस नकळत एका फार मोठ्या प्रयोगाच्या आत शिरतो. १९२८ ते १९३४ या सहा-सात वर्षांत या देशाने आपली लिपी बदलली, हजारो शब्द बदलायला घेतले, आणि प्रत्येक घराला आडनाव घ्यायला लावलं. सरकारने भाषेला इतक्या जोरात हात घातल्याची उदाहरणं जगात फार नाहीत. मग हा हात स्वयंपाकघरापर्यंत पोचला का? याचं उत्तर आपल्याला आत्या, मामा आणि काका देणार आहेत.

आधी उच्चार. तुर्कीचं एक बरं आहे, ते आपल्यासारखंच आहे. लिहिलं तसं वाचायचं. इंग्रजीसारखी लपवाछपवी नाही. फक्त काही अक्षरांचे नियम लक्षात ठेवायचे. रोमन सी म्हणजे "ज". त्यामुळे सी-ए-एन असं नाव दिसलं की "कॅन" नाही, "जान". सीला खाली शेपटी असेल तर "च". एसला शेपटी असेल तर "श". जीच्या डोक्यावर वाटीसारखी खूण असेल, तर त्या अक्षराला स्वतःचा आवाजच नाही, ते फक्त आधीचा स्वर लांबवतं. डोंगराला तुर्कीत "दाऽ" म्हणतात, शेवटी ते मुकं जी. आपल्याकडच्या बातम्यांत तुर्कस्तानच्या अध्यक्षांचं नाव कधी "एर्दोगन", कधी "एर्डोगान" असं येतं. तिकडे कुणी तो "ग" म्हणत नाही. ते "एर्दोआन" आहेत.

दोन स्वर आपल्याकडे नाहीत, त्यांची युक्ती सांगतो. ओठांचा "ओ" करा आणि आतून "ए" म्हणा, तो पहिला. ओठांचा "ऊ" करा आणि आतून "ई" म्हणा, तो दुसरा. दोन्हींच्या डोक्यावर दोन-दोन टिंबं असतात. तिसरा एक स्वर आहे, तो मात्र खास. टिंब नसलेला आय. "इ" म्हणायला जायचं आणि जीभ मागे ओढून घ्यायची, की आपल्या "अ"च्या जवळपासचा, घशात अडकल्यासारखा एक आवाज येतो. तुर्कीत टिंबवाला आय आणि बिनटिंबाचा आय ही दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. कॅपिटलमध्येसुद्धा एकावर टिंब असतं, दुसऱ्यावर नसतं.

माझ्यासारख्या कोड लिहून पोट भरणाऱ्यांना हे टिंब चांगलंच माहीत आहे. प्रोग्रॅम तुर्की सेटिंगच्या मशीनवर चालवला की कॅपिटल आयचा स्मॉल आय होतो तो बिनटिंबाचा. मग "हे दोन शब्द सारखे आहेत का" ही साधी तुलना फसते, आणि इस्तंबूलमधल्याच ग्राहकाकडे सॉफ्टवेअर का पडतं हे शोधण्यात लोकांचे दिवस जातात. आमच्या धंद्यात याला चक्क "तुर्की आयचा प्रश्न" म्हणतात. त्या बगची जन्मतारीखही सांगता येते: १ नोव्हेंबर १९२८.

त्या दिवशी अंकाराच्या संसदेने नव्या अक्षरांचा कायदा केला. त्याआधी तुर्की भाषा काही शतकं अरबी लिपीत लिहिली जात होती. ती लिपी वाईट होती असं नाही, पण या भाषेला ती नीट बसत नव्हती. तुर्कीत आठ स्वर आहेत. अरबी लिपीत स्वरांसाठी मोजकीच अक्षरं, आणि त्यातलं एक "वाव" हे अक्षर चार वेगवेगळ्या स्वरांसाठी वापरलं जायचं, शिवाय "व" या व्यंजनासाठीही तेच. "ओन" म्हणजे दहा आणि "उन" म्हणजे पीठ, दोन्ही लिहायला अगदी एकसारखे. दहा किलो पीठ आणायची चिठ्ठी लिहिली तर वाचणाऱ्याने संदर्भ लावून समजून घ्यायचं. लिपी सुधारावी ही चर्चा ऑटोमन काळात १८६० च्या दशकापासूनच चालू होती. १९२६ साली बाकू शहरात तुर्की भाषांच्या अभ्यासकांची मोठी परिषद भरली, तिथेही रोमन लिपीचा विषय होता.

पण चर्चा वेगळी आणि मुस्तफा केमाल वेगळे. ९ ऑगस्ट १९२८ च्या रात्री इस्तंबूलच्या साराय्बुर्नूच्या बागेत त्यांनी नव्या अक्षरांची जाहीर घोषणा केली. हा बदल व्हायला किती वर्षं लागतील यावर समितीचा अंदाज पाच वर्षांपासून पुढे होता. तेव्हा तिथे हजर असलेल्या फालिह रफ्की आताय या लेखकाच्या आठवणीप्रमाणे केमालांचं उत्तर होतं, की तीन महिन्यांत नाहीतर कधीच नाही. झालंही जवळपास तसंच. नोव्हेंबरमध्ये कायदा, १ डिसेंबरपासून वर्तमानपत्रं नव्या अक्षरांत, १ जानेवारी १९२९ पासून पुस्तकं. त्याच जानेवारीत मोठ्या माणसांसाठी "राष्ट्रशाळा" उघडल्या आणि बायाबापडे पाटीसमोर बसले.

आता दोन बाजू बघा. १९२७ च्या जनगणनेत साक्षरतेचं प्रमाण जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे दहातल्या नऊ जणांचं जुन्या लिपीत काही लिहिलेलंच नव्हतं, त्यांचं काय जाणार? १९३५ पर्यंत ते प्रमाण दुपटीच्या जवळ गेलं. ही जमेची बाजू. पण ज्या एका माणसाला वाचता येत होतं, त्याच्या नातवाला आजोबांची पत्रं, घराची कागदपत्रं, कबरीवरचं नाव, गल्लीतल्या पाणपोईवरचा लेख यातलं काही वाचता येईना. आजही इस्तंबूलमधली बहुतेक माणसं शंभर वर्षांपूर्वीच्या दगडासमोर आपल्यासारखीच परकी असतात.

लिपीनंतर शब्द. १२ जुलै १९३२ ला तुर्की भाषेची संस्था स्थापन झाली आणि २६ सप्टेंबरला दोल्माबाहचे राजवाड्यात पहिली भाषा परिषद भरली. ऑटोमन दरबाराची भाषा म्हणजे तुर्की क्रियापदांवर अरबी-फारसी शब्दांचे थर. ते थर काढायचे, जुने तुर्की शब्द गावागावांतून गोळा करायचे, नसतील तर नवे घडवायचे, असा कार्यक्रम होता. शाळेला "मेक्तेप" हा अरबी शब्द होता, त्याच्या जागी वाचण्याच्या धातूवरून "ओकुल" आला. शिक्षक "मुआल्लिम" होते ते "ओऽरेत्मेन" झाले, म्हणजे शिकवणारे. विमानाला "तैय्यारे" म्हणत, त्याचं "उचाक" झालं, उडणारं.

याचा वेग किती होता, त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण खुद्द केमालांचंच आहे. १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी सहा दिवस मिळून छत्तीस तासांचं भाषण केलं होतं. "नुतुक" म्हणून ते प्रसिद्ध आहे. १९६३ साली, म्हणजे फक्त छत्तीस वर्षांत, ते तुर्की माणसांना कळावं म्हणून आधुनिक तुर्कीत उतरवून छापावं लागलं. तुर्की ते तुर्की भाषांतर! नावसुद्धा बदललं. "नुतुक" अरबी, म्हणून "सोय्लेव". जेफ्री लुईस या इंग्रज अभ्यासकाने या सगळ्यावर १९९९ साली जे पुस्तक लिहिलं, त्याच्या उपशीर्षकातच त्याने या सुधारणेला "विनाशकारी यश" म्हटलं आहे.

आता घरात शिरू.

आई म्हणजे "आन्ने". वडील "बाबा", हे वेगळं शिकायला नको. आजोबा "देदे". आईची आई "आन्नेआन्ने" आणि वडिलांची आई "बाबाआन्ने". आपण "आईची आई" असं सांगतो, तसं तिथे ते थेट नावच आहे. नातू आणि नात दोघेही "तोरुन". तुर्कीत लिंगभेद व्याकरणात नाहीच. तो, ती, ते या तिघांनाही "ओ" हा एकच शब्द. "तो दगड, ती वाटी" पाठ करून ज्यांनी मराठी शिकली असेल, त्यांना हे ऐकून फार हलकं वाटेल.

भावंडाला "कार्देश" म्हणतात. हा शब्द मूळचा "कारन्‌दाश". "कारन" म्हणजे पोट आणि "दाश" म्हणजे ज्याच्याशी काही वाटून घेतलं तो. एका पोटातले. आपला "सहोदर" शब्द फोडून बघा: सह आणि उदर. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी कल्पना तीच. मोठी बहीण "आब्ला", म्हणजे ताई. मोठा भाऊ लिहिताना "आआबेय" असतो, बोलताना "आबी", म्हणजे दादा. आणि इथेच मराठी माणसाला घरच्यासारखं वाटायला लागतं. रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणतो ना आपण, तसंच तिकडे अनोळखी माणसाला आबी, बाईला आब्ला किंवा तेयझे, वयस्कर गृहस्थांना आमजा म्हणतात. इंग्रजीतून तुर्की शिकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागतं. आपल्याला नाही.

इंग्रजीच्या "अंकल-आंटी"मध्ये जे विरघळून गेलंय ते तुर्कीत शाबूत आहे. काका "आमजा", मामा "दायी" आणि त्यातला शेवटचा स्वर तो बिनटिंबाचा. मावशी "तेयझे", आत्या "हाला". वहिनी, काकू, मामी या सगळ्यांना मिळून "येंगे", म्हणजे आपल्या घरात लग्न करून आलेली. उलट ताईचा नवरा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा हे सगळे "एनिश्ते". नवऱ्याची बहीण "ग्योरुमजे", म्हणजे नणंद. बायकोची बहीण "बाल्दझ", मेव्हणी. जाऊबाई म्हणजे "एल्ती". मालिकेतले चेहरे आता कळले असतील. आणि साडू? त्यालाही शब्द आहे: "बाजानाक". ज्या भाषेत साडूला स्वतंत्र शब्द आहे ती भाषा मराठी माणसाला परकी कशी वाटेल?

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. यातला कुठला शब्द कुठून आला बघा. "दायी" आणि "तेयझे", म्हणजे मामा आणि मावशी, तुर्की वंशाचे. "आमजा" मात्र अरबी "अम्म" म्हणजे काका या शब्दावरून. आणि "हाला" तर सरळ अरबी "खाला". उर्दूत, हिंदीत आपण "खाला" ऐकतो तीच ही. पण थांबा, खाला म्हणजे तर मावशी! अरबीत मावशी, उर्दूत मावशी, आणि तुर्कस्तानात पोचेपर्यंत ती वडिलांची बहीण झाली. कारण मावशीला तुर्कीत आपला शब्द होता, आणि बाहेरून आलेल्या खालाने आत्याची जागा घेतली. कुठलीही परिषद न भरवता, कायदा न करता, घराघरात.

म्हणजे एका तुर्की मुलाची आईकडची माणसं शब्दांनी तुर्की आणि वडिलांकडची अरबी. जावई "दामात", तो फारसी, आणि संस्कृत "जामातृ" व आपल्या "जावई"चा लांबचा भाऊ. सासूसाठी एक शब्द "कायन‌वालिदे", अर्धा तुर्की अर्धा अरबी. सासरे "कायन‌पेदेर", अर्धे तुर्की अर्धे फारसी. कुटुंब "आइले" आणि नातेवाईक "आक्राबा", दोन्ही अरबी. भाषाशुद्धीवाल्यांच्या यादीत हे सगळे परकेच. पण नव्वद वर्षांनंतर आजही पोरं आत्याला हालाच म्हणतात.

"मेक्तेप"चं "ओकुल" झालं, कारण तो शब्द मूल शाळेत शिकतं, आणि शाळा सरकारची. "हाला" मूल शाळेत जायच्या आधी शिकतं. माझ्या मते या प्रयोगाची सीमा तिथे आहे. फाईल, पुस्तक, संविधान इथले शब्द वरून बदलता येतात. पाळण्याजवळचे नाही.

दुसरं उदाहरण आदराचं. २१ जून १९३४ ला आडनावाचा कायदा झाला. तोवर बहुतेकांना आडनावच नव्हतं; नाव, बापाचं नाव, गावाचं नाव यावर भागत असे. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला मुस्तफा केमालांना संसदेने "आतातुर्क" हे आडनाव दिलं. "आता" म्हणजे पूर्वज, पिता. राष्ट्रालाही नात्याचाच शब्द लागला! आणि दोनच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, "बेय", "हानम", "एफेंदी", "पाशा" या जुन्या पदव्या कायद्याने रद्द झाल्या. नावाआधी "बाय" आणि "बायान" लावायचं ठरलं. आज इस्तंबूलच्या कुठल्याही ऑफिसात फोन लावा, "आहमेत बेय", "आयशे हानम" हेच ऐकू येईल. कायद्याने गेलेला शब्द माणसांनी सोडलाच नाही.

पण हे सगळं गोड मानून चालणार नाही. घराच्या दाराशी सरकार अडखळलं, ते तुर्की बोलणाऱ्यांच्या. ज्यांच्या घरात आई वेगळ्या भाषेत हाक मारायची, त्यांच्याबाबत ते आत घुसलं. आडनावाच्या कायद्यात परक्या वंशाची आणि जमातींची नावं घ्यायला बंदी होती. कुर्दिश भाषेला लागणारी क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही तीन अक्षरं नव्या तुर्की वर्णमालेच्या २९ अक्षरांत नव्हती. त्यामुळे तीच अक्षरं असलेली नावं कुर्द मुलांच्या जन्मदाखल्यावर लिहून मिळत नसत. नववर्षाचा सण "नेवरोझ" व्हीने लिहायचा की डब्ल्यूने, हा राजकीय प्रश्न होता. १९८३ च्या एका कायद्याने तर कुर्दिशच्या वापरावरच बंधन आणलं, ते १९९१ ला उठलं. त्या तीन अक्षरांची अडवणूक २०१३ मध्ये सैल झाली. जे अक्षर एका मुलाला वाचायला शिकवतं, ते दुसऱ्याचं नाव खोडू शकतं. वर्णमाला निरागस नसते.

आपल्यालाही यातलं काही नवीन नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. पेशवा झाले मुख्य प्रधान, मुजुमदार झाले अमात्य, सुरनीस झाले सचिव. अमात्य, सचिव आजही आहेत. पण "मुख्य प्रधान" मागे पडला आणि इतिहासात राहिले ते पेशवेच. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीतून "दिनांक" आला. अर्जावर आपण दिनांक लिहितो, आणि घरी विचारतो, "आज तारीख काय?" हीच "तारीख" तुर्कीत "तारिह" आहे. आणि लिपीचं म्हणाल, तर मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात होती. घरात पणजोबांचा मोडीतला कागद असेल तर तो वाचून घ्यायला आपल्याला जाणकार शोधावा लागतो. तुर्की नातवाची अडचण आपल्याला इथेच बसून कळू शकते.

जाता जाता शब्दांची थोडी शिदोरी देतो, तीही आपल्याच घरातली. हवा तुर्कीत "हावा", हिशेब "हेसाप", दुकान "द्युक्कान", साबण "साबुन", कागद "काअत", पैलवान "पेहलिवान". हे दोन्हीकडे फारसी-अरबीतून गेले. उलट तोफ आणि कैची हे मूळ तुर्की कुळातले, आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. इस्तंबूलमध्ये "तोपहाने" नावाचा भाग आहे आणि आपल्या नगरमध्ये, म्हणजे अहिल्यानगरमध्ये, "तोफखाना". तोफची, खजांची यातला "ची" हाही तिकडचाच. तुर्कीत "चाय" वरून "चायजी" म्हणजे चहावाला, "बालक" म्हणजे मासा, त्यावरून "बालकची" म्हणजे मासेवाला.

आठवड्याचा अभ्यास: आपल्या घरातल्या दहा माणसांना तुर्की नात्याने हाक मारून बघा. साडू भेटले तर "बाजानाक" म्हणा, काय म्हणतात ते मला कळवा. आणि आत्याला फोन करून सांगा, की तुर्कस्तानात तिला खाला म्हणतात.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत "होश्चा काल", म्हणजे सुखी राहा.